'बरं हाय' म्हणजे नक्की किती बरं? ओपीडीत प्रॉम वापरायचा तर

कोल्हापुरात ओपीडी चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, पेशंटचं सगळ्यात ठरलेलं उत्तर कोणतं? "बरं हाय की." गुडघा बदलून सहा आठवडे झालेली आजी हेच म्हणते. महिनाभर पंप न ओढलेला फौंड्रीतला कामगार हेच म्हणतो. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागलेली सून सासूच्या देखत हेच म्हणते. आपण मान डोलावतो, केसपेपरवर 'बेटर' लिहितो आणि पुढच्या नंबरला हाक मारतो.

या 'बरं हाय'च्या आत शिरायचं एक साधन आहे. 'पेशंट-रिपोर्टेड आउटकम मेझर' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला प्रॉम म्हणतात. पेशंटनं आपल्या त्रासाबद्दल स्वतः उत्तरं द्यायची, ठरलेल्या प्रश्नांना, ठरलेल्या गुणांत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००९ च्या मार्गदर्शिकेत केलेल्या व्याख्येचा गाभा असा: उत्तर थेट पेशंटकडून यावं, मध्ये डॉक्टरनं किंवा आणखी कुणी त्याचा अर्थ लावलेला नसावा. 'गुडघा ११० अंश वाकतो' ही माझी नोंद. 'जिना उतरताना कठडा सोडता येत नाही' ही पेशंटची. दोन्ही खऱ्या असतात आणि पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत.

मी हाडांचा डॉक्टर, त्यामुळे उदाहरणं गुडघ्याची जास्त येतील. बाकी रीत छातीच्या, मूत्रविकाराच्या किंवा मनाच्या डॉक्टरलाही तीच.

आधी डॉक्टर काय म्हणतात ते

माझा पहिला प्रयत्न फसला होता, ते सांगून टाकतो. हौसेनं तीन फॉर्म एकदम सुरू केले. रिसेप्शनवर पेशंट भरायचे, सिस्टर फाईलला लावायची, फाईल कपाटात जायची. एक दिवस एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "डॉक्टर, मागच्या खेपेला मी एवढं लिहून दिलं, ते वाचलंत का?" वाचलं नव्हतं. त्यांनी पुढचा फॉर्म कोराच परत दिला. बरोबरच केलं.

मग गावातल्या आणि इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजच्या डॉक्टर मित्रांना विचारत सुटलो. त्यांच्या तक्रारी परदेशातल्या डॉक्टरांनी अभ्यासांतून मांडलेल्या तक्रारींपेक्षा फार वेगळ्या नव्हत्या, फक्त भाषा आपली होती.

इचलकरंजीचा फिजिशियन म्हणाला, "माझ्या दारात चाळीस माणसं उभी असतात. फॉर्म कुणी वाचायचा, तू येणार हाईस काय?" वेळेची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नये.

एका ज्येष्ठ सर्जननी सांगितलं, "पेशंट दारातून चालत आत येतो तेवढ्यात मला कळतं." हेही निम्मं खरं. चाल दिसते, पण रात्रीचं दुखणं दिसत नाही, संडासला बसताना भिंत धरावी लागते ते दिसत नाही. आणि संकोच, काळजी, उदासी या गोष्टी तर आपल्याला सर्वांत कमी दिसतात.

तिसरी तक्रार कुणी उघड बोलत नाही: उद्या या आकड्यांवरून कुणी माझीच परीक्षा घेतली तर? ही भीती अगदी हवेतली नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं एप्रिल २००९ पासून खुबा, गुडघा, हर्निया आणि व्हेरिकोज व्हेन्स या चार ऑपरेशनांआधी आणि नंतर असे फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली आणि हॉस्पिटलनिहाय आकडे जाहीर केले. हर्निया आणि व्हेन्सचं २०१७ मध्ये थांबवलं. अशा योजनेत एकत्रित आकडे पुष्कळ उशिरा हाती येतात. समोर बसलेल्या पेशंटसाठी सर्जनला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. डॉक्टरांचा राग बहुतेक वेळा प्रश्नांवर नसतो, असल्या वापरावर असतो.

चौथी तक्रार माझ्या मते सर्वांत वजनदार. "समजा कळलं की तिला झोप नाही, मन लागत नाही. पुढं मी काय करू?" हातात उपाय नसताना प्रश्न विचारणं डॉक्टरला जड जातं. माणूस त्या प्रश्नापासूनच पळतो.

दुसऱ्या बाजूला, ज्यांनी एक-दोन वर्षं नेटानं वापरलं त्यांचं बोलणं वेगळं आहे. शिरोली एमआयडीसीच्या बाजूचे पेशंट बघणारा छातीचा डॉक्टर म्हणतो, "फॉर्ममुळं माझा वेळ वाचतो. कुठून सुरुवात करायची ते आधीच कळतं." आणि ठोस पुरावाही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर चाचणी झाली. एका गटानं केमो चालू असताना आपली लक्षणं ऑनलाइन नोंदवायची, दुसऱ्या गटाची नेहमीची देखभाल. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षात नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक (मीडियन) आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६. हा आकडा सगळे सांगतात. सांगायचं राहून जातं ते हे की, लक्षण वाढलं की नर्सला ईमेल जायचा आणि ती काहीतरी करायची. नुसत्या फॉर्मनं कुणाचं आयुष्य वाढलेलं नाही.

पायरी पहिली: निर्णय ठरवा, मग फॉर्म

कागद घ्या आणि एक वाक्य पूर्ण करा: "हा आकडा वाईट आला तर मी अमुक करीन." वाक्य पूर्ण होत नसेल तर फॉर्म सुरू करू नका. माझं वाक्य असं होतं: "ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी रात्रीचं दुखणं कमी नसेल, तर नुसती गोळी बदलून पाठवणार नाही, जंतुसंसर्ग, कंबर आणि झोप तिन्ही तपासणार." वाक्यात स्वतःला बांधून घेतलं की फॉर्म आपोआप वाचला जातो.

एकच आजार घ्या आणि आठवड्याची एकच ओपीडी.

पायरी दुसरी: मोजपट्टी निवडणं

नवीन प्रश्नावली स्वतः बनवू नका. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. तयार आणि तपासलेल्या पुष्कळ आहेत.

गुडघ्यासाठी ऑक्सफर्ड नी स्कोअर: १२ प्रश्न, मागच्या चार आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४८. इथं एक खड्डा आहे. १९९८ च्या मूळ पद्धतीत गुण १२ ते ६० होते आणि कमी गुण म्हणजे चांगला गुडघा. आजच्या पद्धतीत ४८ म्हणजे चांगला. जुना पेपर वाचून गुण द्याल तर उलटं होईल. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जास्त म्हणजे बरं.

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी कॅट, आठ प्रश्न, एकूण ४०. इथं मात्र जास्त म्हणजे वाईट. प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासासाठी आयपीएसएस, सात प्रश्न, ३५ गुण: ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो: 'हा त्रास आयुष्यभर असाच राहिला तर कसं वाटेल?' मूत्रविकाराचा माझा मित्र म्हणतो की ऑपरेशनचा निर्णय तो या एका प्रश्नावरच घेतो. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट बसून बोलायचं. आजार कुठलाही असो, सर्वसाधारण तब्येतीसाठी ईक्यू-५डी: हिंडणंफिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी असे पाच मुद्दे आणि ० ते १०० ची एक पट्टी.

पीएचक्यू-९ वापरायला परवानगी लागत नाही. ऑक्सफर्ड आणि ईक्यू-५डी यांचे हक्क राखीव आहेत, आधी नोंदणी किंवा परवानगी घ्यावी लागते. झेरॉक्सच्या दुकानात जाण्यापूर्वी हे काम उरका.

पायरी तिसरी: मराठी, आणि कुठली मराठी

प्रश्नावलीच्या मालकांकडे अधिकृत मराठी भाषांतर आहे का ते प्रथम विचारा. असेल तर तेच वापरा. नसेल तर नीट भाषांतराची रीत लांबलचक आहे: दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, दोन्ही जुळवायची, तिसऱ्यानं ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि शेवटी खऱ्या पेशंटसमोर तपासायचं. एकट्या दुकट्या ओपीडीचं हे काम नव्हे. मेडिकल कॉलेजातला कुणी जोडीदार शोधा.

अधिकृत भाषांतर मिळालं तरी शेवटची पायरी आपणही करावी. पाच पेशंट घ्या: एक शिकलेला, एक जेमतेम अक्षर लावणारा, एक शेतकरी बाई, एक कामगार आणि एक निपाणीकडचा, घरात कानडी बोलणारा. प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय विचारलंय असं वाटलं?" पुस्तकी मराठी इथं तोंडघशी पडते. 'वेदना' म्हटलं की आमची आजी गप्प. ठणका, कळ, चमक, आग, आखडणं यांतलं काय ते विचारलं की मोकळी होते. 'उदासीनता' शब्दाला मान डोलावतात, पण 'कशातच जीव लागत नाही' म्हटल्यावर डोळे भरून येतात.

तरीही छापलेला प्रश्न बदलायचा नाही. बदलला की मोजपट्टी मोडली, मग जगातल्या कुठल्याही आकड्याशी तुलना करता येत नाही. शब्द समजावून सांगायला हरकत नाही, पण समजावणी सगळ्यांना एकसारखी हवी. गाडीत चढण्या-उतरण्याचा प्रश्न असेल तर आमची सिस्टर 'केएमटी, वडाप, रिक्षा, जे वापरता ते' असं सांगते, प्रत्येकाला तेवढंच.

आणि जे फॉर्ममध्ये नाहीच त्याचं काय? ऑक्सफर्डच्या गुडघ्याला मांडी घालून बसायचं नसतं, म्हशीची धार काढायची नसते, भांगलणीला उकिडवं बसायचं नसतं. यासाठी फॉर्मखाली रेघ मारून आपला एक प्रश्न जोडतो: 'गुडघ्यामुळं अडलेलं असं एक काम सांगा, जे तुम्हाला परत करायचंय.' याला गुण नाहीत, बेरजेत धरायचं नाही. उत्तरं अशी येतात: ज्योतिबाच्या पायऱ्या, नातवाला कडेवर घेणं, मागावर पूर्ण पाळी उभं राहणं. एका आजींनी सिस्टरकडून लिहवून घेतलं, "देवाम्होरं बसून उठाय यावं." ऑपरेशनला होकार द्यायचा की नाही, हे ठरवताना मला या ओळीनं १२ प्रश्नांइतकीच मदत केलेली आहे. कारण मांडी घालून जेवायचंच असेल तर बदललेला गुडघा त्याची खात्री देत नाही, आणि ते ऑपरेशनआधी सांगितलेलं बरं.

पायरी चौथी: कधी, कुठं, कुणी

डॉक्टरला भेटण्याआधी. नंतर नाही, घरी जाऊन नाही. बीपी-वजन घेतात त्या टेबलाशेजारी एक खुर्ची ठेवली की जागा झाली. १२ प्रश्नांना वाचता येणाऱ्याला पाचेक मिनिटं पुरतात. वाचून दाखवावं लागलं तर दुप्पट धरा.

वाचून दाखवणाऱ्याला अर्धा तास शिकवा. सूर सपाट हवा. "आता दुखत न्हाई न्हवं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलंच. पेशंट अडखळला तर पर्याय पुन्हा वाचायचे, सुचवायचे नाहीत. डॉक्टरनं स्वतः कधीच वाचून दाखवू नये. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पेशंट गुण वाढवून देतात. ऑपरेशन ज्यानं केलं त्याच्यासमोर तर नक्कीच.

खरी अडचण नातेवाइकांची. मुलगा फॉर्म हातात घेतो आणि आईला न विचारता भरून टाकतो, वर म्हणतो, "तिला काय कळतंय." आमची सिस्टर हसून म्हणते, "दादा, तुम्ही तेवढं बिल बघून या." कुणी दुसऱ्यानं भरलं असेल तर कोपऱ्यात तसं लिहायचं. ते आकडे वेगळे ठेवायचे.

कागद की मोबाईल? कागदानं सुरू करा. लिंक पाठवणं सोपं वाटतं, पण मग उत्तरं तरणा मुलगा देतो, आजी नाही. फॉर्मचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती आजच बंद करा. पेशंटची संमती, हे कशासाठी भरतोय ते दोन वाक्यांत, आणि 'नाही भरलं तरी उपचार तेच मिळतील' हे तोंडी सांगणं, एवढं पहिल्या दिवसापासून. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आला नसता तरी हे करायचंच होतं.

पायरी पाचवी: पेशंटसमोर वाचा

सगळं इथं अडतं किंवा सुटतं. सिस्टर बेरीज करून वरच्या कोपऱ्यात आजचा आकडा आणि कंसात मागचा लिहिते. मी फॉर्म हातात घेतो, पेशंटला दिसेल असा धरतो आणि तीन गोष्टी बघतो: बेरीज कुठल्या दिशेला गेली, सर्वांत वाईट उत्तर कोणतं, आणि कुठलं उत्तर बाकीच्यांशी विसंगत आहे. अर्धा मिनिट. मग त्या वाईट उत्तरावर बोट ठेवून बोलायला सुरुवात.

"आजी, चालायला जमतंय म्हणताय, पण रात्री रोज दुखतंय असं दिलंय."

"व्हय, रातीला लई ठणकतंय बघा. सांगायचं म्हनलं तर तुमी म्हनशीला म्हातारी कुरकुरतीया."

हे वाक्य 'कसं आहे आता?' या प्रश्नाला कधीच मिळालं नसतं.

आकडा चुकीचा वाटला तर पेशंटशी वाद घालू नका. 'एक्स-रे तर झकास आहे' म्हणून फॉर्म बाजूला सारणं ही आपली जुनी खोड. एक्स-रे आणि उत्तर जुळत नाही, हीच माहिती आहे. कंबरेतून कळ येत असेल, मन खचलं असेल, किंवा घरात कामाचा बोजा उतरलाच नसेल.

धोक्याची उत्तरं: याला सबब नाही

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, तो पेशंट त्याच दिवशी, डॉक्टरशी एकांतात बोलल्याशिवाय घरी जाता कामा नये. एका परिचित ओपीडीत शनिवारी भरलेला फॉर्म सोमवारी वाचला गेला. सुदैवानं काही घडलं नाही, पण त्या डॉक्टरनं तो रविवार मला नंतर सांगितला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. तेव्हा नियम साधा: वाचायला माणूस नसेल त्या दिवशी हा फॉर्म द्यायचाच नाही. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीचे वार माहीत करून घ्या, आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रिसेप्शनवर चिकटवा. तो चोवीस तास चालू असतो.

इतर फॉर्मांचेही असे लाल प्रश्न आधीच ठरवा आणि सिस्टरला सांगा की हे दिसलं तर फाईल रांगेत मागं राहायची नाही.

फरक किती म्हणजे फरक?

ऑक्सफर्ड नी स्कोअर २८ चा ३१ झाला म्हणून पेढे वाटू नका. एकाच माणसाच्या बाबतीत चारेक गुणांचा चढउतार मोजणीतच असू शकतो. सातच्या आसपास वाढ झाली की बहुधा त्यालाही जाणवलेलं असतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, इंग्लंडच्या आकड्यांत गुडघा बदलल्यावर सहा महिन्यांनी सरासरी वाढ १६-१७ गुणांची दिसते. कॅटमध्ये दोन गुणांना अर्थ आहे, पीएचक्यू-९ मध्ये पाच.

आपल्याकडे ऋतू विसरून चालत नाही. श्रावणात भांगलणीच्या दिवसांत भरलेला फॉर्म आणि उन्हाळ्यात रान रिकामं असताना भरलेला फॉर्म यांची तुलना करताना जपून. गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाचं तेच. फॉर्मवर 'सध्या काम काय चालू आहे' एवढं लिहून घेतलं की पुढं डोकं खाजवावं लागत नाही.

आणखी एक गंमत: माणूस त्रासाशी जुळवून घेतो आणि स्वतःची पट्टीच बदलतो. वर्षभरापूर्वी 'फार त्रास' म्हणणारा आज त्याच गुडघ्याला 'थोडा' म्हणतो. गुडघा सुधारला की माणूस सोसायला शिकला, हे आकडा सांगत नाही. ते विचारावं लागतं.

तीन महिन्यांनी

बारा आठवड्यांनी एका सकाळी फाईली काढून बसा आणि तीनच गोष्टी मोजा: किती जणांनी भरला, किती फॉर्म पेशंटसमोर वाचले गेले, आणि किती वेळा त्यामुळं काही बदललं. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास नसेल तर अडचण पेशंटची नाही, आपली आहे. तिसरा शून्य असेल तर तो फॉर्म बंद करा, लाज वाटून घेऊ नका. मी दोन बंद केले, एक ठेवला.

दोन डॉक्टरांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायची घाई मात्र करू नका. माझ्याकडे सत्तरीच्या पुढच्या, शुगर असलेल्या, दोन्ही पाय वाकडे झाल्यावर आलेल्या आजी जास्त. दुसऱ्याकडे साठीतले, गाडीतून येणारे. आमची सरासरी सारखी यायचीच नाही, आणि तशी तुलना सुरू झाली की अवघड पेशंटला हात लावायला कुणी धजणार नाही.

सुरुवातीच्या प्रती पन्नासच काढा, पाचशे नव्हे. पहिल्या आठवड्यातच कळेल की अक्षर बारीक आहे, चौकटी जवळजवळ आहेत आणि चष्मा घरी विसरलेल्या माणसांसाठी टेबलावर एक जास्तीचा चष्मा ठेवायला हवा.